नवव्या सेकंदाला

मी विचारलं होतं, ‘कवापासून होऊलंय?’ पडद्यावर उमटलं होतं, ‘हवा पासून हो लय.’

शेजारच्या रकान्यात त्या वाक्याची वेळ होती आणि तिच्या पुढे गुण, शून्य. खाली बेरीज, वीसपैकी अकरा. मेडिसिनमध्ये मी इतकी खाली कधीच आले नव्हते. आणि हा कागद कुठल्या सरांनी किंवा मॅडमनी तपासलेला नव्हता. खोलीच्या छतातल्या माइकने माझं बोलणं टिपलं होतं, एका प्रणालीने ते अक्षरात उतरवलं होतं आणि दुसऱ्या प्रणालीने ते वाचून मी पेशंटची हिस्टरी, म्हणजे त्याच्या आजाराची सगळी हकिकत, नीट घेतली की नाही हे ठरवलं होतं.

ही गोष्ट अंतिम वर्षाची, जुलै महिन्यातली. आता माझी इंटर्नशिप चालू आहे. त्या आठ मिनिटांबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं, कारण माझ्या मागून येणाऱ्या मुलांना अशा परीक्षा चुकणार नाहीत. कॉलेज मुंबईतलं, एवढं सांगणं पुरे.

मी लातूरची. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग दोन वर्षं क्लास, २०२० ची नीट. चार पर्यायांतला बरोबर पर्याय हुडकायचा हात पक्का बसलेला. मुंबईत आल्यावर पहिली दोन वर्षं मी बोलणं बेतानेच ठेवलं. ‘करूलाले’, ‘होऊलंय’ ऐकून माना वळायच्या. वॉर्डात मात्र मी मोकळी व्हायचे. जालन्याहून, परभणीहून आलेल्या नातेवाइकांना माझं बोलणं ऐकून बरं वाटायचं, आणि बाकीच्या पेशंटना मी कुठून आले याच्याशी काही देणंघेणं नसायचं. हिस्टरी मराठीत किंवा हिंदीत घ्यायची आणि सरांपुढे इंग्रजीत मांडायची, ही आमची रोजची ये-जा. त्यात काही वेगळं आहे असं त्या जुलैपर्यंत मला वाटलंच नव्हतं.

परीक्षेचा प्रकार ऑस्की. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पूर्वी आमच्याकडे प्रॅक्टिकल म्हणजे मुख्यतः लाँग केस आणि शॉर्ट केस, एक पेशंट सविस्तर तपासायचा, बाकीचे थोडक्यात, आणि परीक्षकांपुढे मांडायचे. तुमच्या वाट्याला कोणता पेशंट येतो आणि समोर कोणते परीक्षक बसतात, यावर पुष्कळ काही ठरायचं. एकाला प्लीहा सहज हाताला लागावी असा पेशंट, दुसऱ्याला सकाळपासून दहा मुलांना तेच तेच सांगून वैतागलेला. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये यावर तोडगा मांडला. परीक्षेची टेबलं करायची, प्रत्येक टेबलावर एक ठरावीक काम, ठरावीक मिनिटं, घंटा झाली की पुढचं टेबल. सगळ्या मुलांना तेच काम आणि सगळ्यांना तपासायला तीच यादी. आपल्याकडे २०१९ च्या बॅचपासून क्षमताधारित अभ्यासक्रम आला, पेशंटशी बोलण्याचं शिक्षण ‘एटकॉम’ नावाने वेळापत्रकात बसलं आणि ऑस्कीचं नाव आमच्या कानांवर रोज पडू लागलं.

पण ऑस्कीला माणसं लागतात. आमच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी फळ्यावर हिशेब मांडला. दोनशे मुलांची बॅच, एका टेबलावर प्रत्येकी आठ मिनिटं. म्हणजे त्या एका टेबलासाठी कुणीतरी शिक्षक जवळजवळ सत्तावीस तास बसायला हवा. अशी दहा टेबलं. बाहेर ओपीडी चालू, वॉर्डात ॲडमिशन चालू. आणि सकाळी नऊला बसलेला परीक्षक दुपारी चारला तसाच राहतो का? ‘मी राहत नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘जेवणानंतरच्या मुलांवर माझ्याकडून अन्याय होत असणार. हे मला बरीच वर्षं माहीत आहे.’

म्हणून त्या वर्षी हिस्टरीच्या टेबलावर परीक्षक बसणार नव्हता. यंत्र ऐकणार, लिहिणार आणि गुण देणार. अमेरिकेतल्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाने परीक्षार्थींनी लिहिलेल्या पेशंटच्या नोंदी संगणकाकडून वाचून घेण्यावर बरंच काम केलंय, हे मॅडमनी सांगितलं. तिथली पेशंटसमोर बसून द्यायची परीक्षा कोविडमध्ये थांबली आणि २०२१ च्या जानेवारीत कायमची बंद झाली, हेही सांगितलं. आपण ती बंद करायची नाही, टिकवायची, त्यासाठी हा प्रयोग. गुणांचा छोटासा वाटा अंतर्गत मूल्यमापनात धरला जाणार होता. रेकॉर्डिंगसाठी आमच्याकडून संमतिपत्र घेतलं. आम्ही सगळ्यांनी न वाचता सह्या केल्या. वाचून, प्रश्न विचारून सही केली ती एकट्या काकूंनी. ‘माझो आवाज किती दिवस ठेवतलास? आणि नंतर कोण ऐकतलो?’ उत्तर कागदावर लिहून घेतल्याशिवाय त्यांनी पेन उचललं नाही.

या काकू म्हणजे आमच्या पेशंट. राहायला लालबागला, माहेर आणि सासर दोन्ही सिंधुदुर्गात, तरुणपणी कामगार नाट्यस्पर्धेत कामं केलेल्या. परीक्षेसाठी पेशंटची भूमिका करायला माणसं शिकवून तयार करण्याची ही पद्धत १९६३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज नावाच्या मेंदूविकारतज्ज्ञाने सुरू केली. आमच्याकडे काकूंना कुणी फार शिकवावं लागलं नाही. भूमिकेचा कागद हातात पडल्यावर त्यांनी एकच अट घातली होती की त्या मालवणीतून बोलणार. घाबरलेली बाई पुस्तकातलं मराठी बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. मॅडमनी मान्य केलं. त्या कबुलीचा यंत्रावर काय परिणाम होईल हा विचार तेव्हा कुणाच्याच डोक्यात आला नाही.

त्या दिवशी पाऊस मुसळधार होता. गाड्या उशिरा धावत होत्या, डोंबिवली-कल्याणकडून येणारी मुलं ओली होऊन, धापा टाकत पोहोचत होती. माझं पहिलं टेबल सीपीआरचं. पुतळ्याच्या छातीवर दाब द्यायचा, खोली पाच ते सहा सेंटिमीटर, वेग मिनिटाला १०० ते १२०. पुतळ्यातली यंत्रणा दर दाब मोजते. माझी खोली बरोबर होती, वेग १३० च्या वर गेला होता. घाबरलं की हात पळतात. हे कुठल्याही सरांना डोळ्याने इतकं नेमकं सांगता आलं नसतं, आणि मला ते लगेच पटलं. दुसऱ्या खेपेला मनात आकडे मोजत केलं आणि वेग आत आला. जिथे गोष्ट सेंटिमीटरमध्ये आणि सेकंदांत मोजता येते तिथे यंत्रासारखा शिक्षक नाही, याबद्दल माझं तेव्हाही दुमत नव्हतं, आजही नाही.

मग चौथं टेबल. बंद खोली, दोन स्टुलं, छतात माइक, कोपऱ्यात एक कॅमेरा. दारावर चिकटवलेला कागद: ‘४६ वर्षांची स्त्री, सहा महिन्यांपासून धाप. हिस्टरी घ्या. ८ मिनिटं.’

काकू साडीचा पदर मुठीत धरून बसल्या होत्या. मी हातांना सॅनिटायझर लावला, नमस्कार केला, नाव सांगितलं, परवानगी घेतली. आणि सुरू केलं. परीक्षेच्या ताणात तोंडातून लातूरच बाहेर पडलं.

‘काकू, काय होऊलंय तुम्हाला?’

‘काय सांगू गो, जिनो चढतंय तेव्हा धाप लागता. आदी असा काय नव्हता. ल्हानपणी माका…’

‘कवापासून होऊलंय?’

‘सहा म्हयने झाले.’

मग मी झपाझप विचारत गेले. चालताना होतं की बसल्या बसल्याही? रात्री किती उशा घेता? झोपेतून दचकून उठता का? छातीत धडधड? खोकल्यातून रक्त? पायांना सूज? लहानपणी सांधे सुजायचे का? ‘सुजायचे,’ काकू म्हणाल्या. मनात झडपेचा विकार पक्का झाला. लहानपणी घसा दुखून ताप, मग सांध्यांचा ताप, त्यातून हृदयाची झडप आखडलेली, मायट्रल स्टेनोसिस. पुस्तकातली केस. त्यांचा आवाज मध्येच कापरा झाला तेव्हा मी म्हटलं, ‘घाबरू नका काकू, सगळं ठीक होईल.’ घंटा व्हायच्या आत माझे प्रश्न संपले होते. बाहेर आले ती जिंकल्यासारखी.

तीन दिवसांनी अकरा.

मी रडले, खोटं कशाला सांगू. होस्टेलच्या खोलीत बसून तो निकाल चार वेळा वाचला. ‘आजाराचा कालावधी विचारला नाही.’ विचारला होता! ‘आडवं झाल्यावर त्रास होतो का हे विचारलं नाही.’ उशा किती घेता म्हणजे दुसरं काय? ‘हात स्वच्छ केल्याचे आढळले नाही.’ दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या केबिनबाहेर उभी होते. त्यांनी माझं ऐकून घेतलं, कॉम्प्युटरवर माझं रेकॉर्डिंग आणि त्याचं लिखित रूप काढलं आणि खुर्ची ओढून मला शेजारी बसवलं.

‘हवा पासून हो लय’ तिथेच दिसलं. त्याच्या खाली ‘रात्री किती उशिरा येता.’ उशा घेता, हे त्याने उशिरा येता असं ऐकलं होतं. रात्री उशिरा येण्याचा धापेशी संबंध लागेना, म्हणून गुण नाही. ‘धाप’ दोन ठिकाणी ‘थाप’ झाली होती. सॅनिटायझर मी दाराशी, कॅमेऱ्याकडे पाठ करून लावला होता. मॅडमनी हेडफोन लावून प्रत्येक जागा स्वतः ऐकली आणि पेन्सिलीने तीन गुण वाढवले. अकराचे चौदा. मला वाटलं, झालं काम. मी उठायला लागले.

‘थांब,’ त्या म्हणाल्या. ‘हे काय आहे? लहान पाणी मका?’

पडद्यावर तसंच होतं. काकूंच्या तोंडी, ‘लहान पाणी मका’, आणि त्यापुढे काही नाही. मॅडम रत्नागिरीच्या. त्यांनी ते दोनदा पुटपुटलं, मग तेवढाच तुकडा पुन्हा ऐकला. ‘ल्हानपणी माका,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘लहानपणी मला. ती काहीतरी सांगायला लागली होती. तू कधी तोडलंस बघ.’

डावीकडच्या रकान्यात वेळ होती. काकूंनी बोलायला सुरुवात केल्यापासून माझ्या प्रश्नापर्यंत, नऊ सेकंद.

मॅडमनी भूमिकेचा कागद काढून दाखवला. त्यात काकूंना सूचना होती: विद्यार्थ्याने बोलू दिलं तर आपणहून सांगा की लहानपणी सांध्यांच्या तापानंतर, तो पुन्हा येऊ नये म्हणून, दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू होतं आणि लग्न होऊन सासरी गेल्यावर ते सुटलं. मध्येच तोडलं तर सांगू नका, विचारलं तरच सांगा. मी सांधे विचारले होते. इंजेक्शन विचारलं नव्हतं. ज्या एका गोष्टीमुळे तिची झडप वर्षानुवर्षं बिघडत गेली, ती तिच्या ओठांवर आलेली होती. मी तिला तिसऱ्या वाक्यात थांबवलं होतं.

मला त्या क्षणी गुणांचं काही वाटेनासं झालं. आपण चांगलं ऐकतो असा माझा समज होता. वॉर्डातले पेशंट माझ्याशी बोलतात, मी त्यांची भाषा बोलते, म्हणजे मी ऐकते, असं मी धरून चालले होते. तो रकाना समोर नसता तर कुणी सांगूनही मला पटलं नसतं.

‘तू एकटी नाहीस,’ मॅडम म्हणाल्या. १९८४ मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-पेशंटचं बोलणं रेकॉर्ड करून तपासलं. पेशंटने बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी अठराव्या सेकंदाला त्याला तोडत होते. २०१८ मध्ये तिथेच पुन्हा तसा अभ्यास झाला तेव्हा तोडलेल्या पेशंटच्या बाबतीत मधला आकडा अकरा सेकंदांवर आलेला. माझे नऊ.

या नऊ सेकंदांना गुणच नव्हते. वीस मुद्द्यांच्या यादीत ‘पेशंटला बोलू दिलं का’ असा मुद्दाच नव्हता. यंत्राने त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. वेळ नुसती कडेला छापली होती, कारण ती छापायची सोय होती. मॅडम बराच वेळ त्या यादीकडे बघत राहिल्या. यादी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच केलेली होती. समोर परीक्षक बसायचे तेव्हा यादीत नसलेली गोष्ट त्यांच्या डोळ्यांतून, मानेतून, कधी एखाद्या जास्तीच्या गुणातून यादीत शिरायची. यंत्राला जेवढं लिहून दिलं तेवढंच त्याने तपासलं. ‘आपण काय तपासतो ते आम्ही कधी पुरतं लिहूनच काढलं नव्हतं,’ त्या म्हणाल्या. टोरांटोमधल्या १९९९ च्या एका अभ्यासाची आठवण त्यांनी काढली. त्यात यादीवर अनुभवी डॉक्टरांना शिकाऊ मुलांपेक्षा कमी गुण पडले होते, आणि एकूण कौशल्याचा अंदाज परीक्षकांनी दिला तेव्हा तेच अनुभवी डॉक्टर वर आले. अनुभवी माणूस वीस प्रश्न विचारत नाही. चार विचारतो आणि ऐकतो.

त्या दुपारी काकू मला कँटीनमध्ये भेटल्या. मी स्वतःहून शेजारी जाऊन बसले आणि माफी मागितली. त्यांना माफीचं कारण कळायला थोडा वेळ लागला, कारण त्यांनी कितीतरी मुलं पाहिली होती. मग आठवलं. ‘लातूरचा ना तू? प्रश्न चांगले होते तुझे.’ आणि मग चहात बिस्किट बुडवता बुडवता म्हणाल्या, ‘पण तू घाबरू नका म्हटलंस ना, तिथे माझा बोलणाच संपला. घाबरलेल्या माणसाक घाबरू नका सांगितला की तो काय करतलो? गप बसतलो.’

मी निकालाचा कागद पिशवीतच घेऊन फिरत होते. तो काढून पाहिला. ‘भावनिक आधार: १ पैकी १.’ पुरावा म्हणून माझंच वाक्य अवतरणात दिलं होतं: ‘घाबरू नका, सगळं ठीक होईल.’ वाक्य प्रमाण मराठीत होतं, म्हणून अक्षर न् अक्षर बरोबर उतरलं होतं. धीर देणारे शब्द आहेत, गुण द्यावा. समोरची बाई त्यानंतर चार मिनिटं ‘हो’ आणि ‘नाही’ याशिवाय काही बोललेली नाही, हे त्याच कागदावर खाली स्पष्ट दिसत होतं. ते कुणी वाचलं नव्हतं, यंत्राने नाही आणि मीही नाही. मी सरळ मॅडमकडे गेले आणि तो गुण काढायला सांगितला. त्यांनी काढला. चौदाचे तेरा. हे मोठेपणासाठी लिहीत नाही. वाढवलेले तीन गुण माझे होते म्हणून भांडले, तर हा माझा नव्हता हेही सांगायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी त्या टेबलावरची सगळी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायचं ठरवलं. मी आणि आणखी तिघं मदतीला. संध्याकाळी पोस्टिंग संपली की स्किल लॅबमध्ये बसायचं, एक जण ऐकणार, एक जण कागदाशी ताडून बघणार. ज्या मुलांचं बोलणं शाळेच्या पुस्तकासारखं होतं त्यांचे कागद जवळपास स्वच्छ होते. नांदेड, धुळे, गडचिरोलीकडच्या मुलांचे कागद जागोजागी फाटलेले. काकूंची मालवणी तर सगळ्यांच्याच कागदांवर विस्कटलेली. एक मुलगा नंदुरबारचा, अत्यंत शांतपणे विचारणारा, त्याने काकूंना पूर्ण बोलू दिलं होतं, इंजेक्शनची गोष्ट त्याला न विचारता मिळाली होती. त्याच्या कागदावर त्या जागी अर्थ न लागणारी दीड ओळ होती आणि पुढे शून्य. तो आमच्यासारखा भांडायला आला नव्हता. त्याने आपल्यालाच जमलं नाही असं समजून निकाल मुकाट्याने घेतला होता.

याचा मला आजही राग आहे. पेशंटच्या बोलीत बोलणारा डॉक्टर आपल्याला हवा असतो, तसं आपण भाषणात म्हणतो. आणि परीक्षा अशी की त्या बोलीचेच गुण जातात. त्या मुलाने अकारण स्वतःला कमी समजून काढलेले ते दिवस कोणत्याही दुरुस्त निकालाने परत मिळत नाहीत.

मॅडमनी त्या टेबलाचे यंत्राचे गुण रद्द केले आणि हाताने तपासलेले धरले. पण यंत्र काढून टाकलं नाही. पुढच्या खेपेला त्याने फक्त बोलणं उतरवायचं आणि वेळ छापायची, गुण द्यायचे नाहीत, असं ठरलं. छापील बोलणं मुलाच्या हातात द्यायचं, शाळेत आकारिक मूल्यमापन असतं तसं, शिकण्यासाठी. आणि बोलणं नीट उतरावं म्हणून पेशंटचे शब्द गोळा करायचं काम आम्हाला दिलं.

हे काम मला माझ्या अख्ख्या एमबीबीएसमध्ये सर्वांत जास्त आवडलं. महिनाभर आम्ही वॉर्डात एक वही घेऊन फिरलो, पेशंटचं नाव न लिहिता फक्त त्यांचा शब्द आणि त्याचा अर्थ. दम लागतो, धाप लागते, श्वास पुरत नाही, ऊर भरून येतो, जीव वर-खाली होतो. हे सगळं आमच्या इंग्रजीत एका शब्दात जातं, पण ‘जीव वर-खाली होतो’ म्हणणाऱ्या आजींना खोदून विचारलं तर कधी धाप निघते, कधी धडधड, कधी नुसती भीती. ‘चक्कर’ म्हणजे कुणाला घर फिरतं, कुणाला डोळ्यांपुढे अंधारी येते, कुणाचा नुसता तोल जातो, आणि तिन्हींचे आजार वेगळे. पोटात गोळा येतो, कळ येते, मुरडा येतो, ढवळतं. छातीत चमक निघते. पाठीत उसण भरते. अंगावरून जातं, हे बायका खाली बघून सांगतात, आणि लाल की पांढरं हे विचारल्याशिवाय कळत नाही. मानखुर्द-गोवंडीकडच्या बायकांचं ‘घबराहट’, भाजीवाल्या भय्याचं ‘गैस’, जो छातीवर हात ठेवून गॅस म्हणतो आणि ज्याचा ईसीजी ताबडतोब काढायला हवा. मालवणीचं पान काकूंनी स्वतः तपासून दिलं आणि माझे तीन शब्द खोडले.

वही भरत गेली तसं लक्षात आलं, की यातले निम्मे शब्द आम्ही रोज ऐकत होतो आणि इंग्रजी करताना वाटेत टाकून देत होतो. केसपेपरवर एकच छापील शब्द उरायचा. यंत्राने ‘धाप’ची ‘थाप’ केली म्हणून मी चिडले होते. ‘जीव वर-खाली होतो’ याचा मी स्वतः किती वेळा हवा तो अर्थ लावला असेल?

प्रिलिमच्या आधी काकू पुन्हा आल्या, या वेळी दुसऱ्या आजाराच्या भूमिकेत. मी पहिला प्रश्न विचारला आणि हात मांडीखाली दाबून बसले, शब्दशः, कारण हात मोकळे असले की मी बोलायला लागते. किती कठीण असतं ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. काकू थांबल्या तरी मी थांबले. मग त्या पुढे बोलल्या. छापील कागदावर माझा दुसरा प्रश्न पंचेचाळिसाव्या सेकंदाला होता, आणि माझ्या यादीतले सात मुद्दे तोवर न विचारताच येऊन गेले होते. कालावधी तर पहिल्याच वाक्यात.

इंटर्नशिपमध्ये छतात माइक नाही. मेडिसिनच्या ओपीडीत सकाळी साडेआठपासून रांग, केसपेपरचा गठ्ठा टेबलावर पडतच राहतो आणि मागून कुणीतरी ‘चला, आटपा’ म्हणत असतं. पंचेचाळीस सेकंद तिथे फार मोठी चैन असते. मी ती दर वेळी करू शकत नाही. दहांतल्या दोघा-तिघांना मिळते, आणि कुणाला द्यायची हे मी कसं ठरवते ते मला नीट सांगताही येणार नाही.

गेल्या महिन्यात एक काका आले. गोवंडीला एका सोसायटीत वॉचमन, मूळचे जालन्याकडचे. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, लिहून द्या, एवढंच काम. बीपी १७० च्या वर. मागच्या तीन नोंदी तशाच. दर वेळी कुणीतरी गोळी वाढवलेली. ‘गोळ्या चालू हायत?’ मी विचारलं. ‘चालू हायत की,’ ते म्हणाले. पेन गोळी वाढवायला केसपेपरवर टेकलं होतं. ते मी उचललं आणि हात मांडीखाली घेतले.

ते खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘येक दिवसाआड घेतो.’

मी काही बोलले नाही.

‘मंडळीचं बी बीपी निघालं गावाकडं. तिचा हितं कागुद न्हाई. मंग माझ्यातल्याच तिला देतो. येक दिस तिनं, येक दिस म्या.’

‘कुठं हायत त्या?’

‘भाईर बसलीय.’

मी उठले, रांगेतून वाट काढत बाकड्यापर्यंत गेले आणि मावशींना आत घेऊन आले.